‘का?’ नव्हे, ‘सांग ना!’
किशोरवयीन मुले स्वतः निवडलेल्या कादंबऱ्या वाचतात. घरी मात्र त्यांविषयी बोलत नाहीत. ‘का आवडली?’ या प्रश्नाला परीक्षेचा वास येतो आणि संवाद खुंटतो. ब्रिटिश लेखक एडन चेंबर्स यांनी ‘टेल मी’ (१९९३) या पुस्तकात यावर साधा उपाय सुचवला: ‘का?’ टाळून ‘सांग ना’ म्हणावे. काय आवडले, काय खटकले, कशाचे कोडे पडले, कोणत्या गोष्टी पुन्हा पुन्हा आल्या, एवढे विचारावे. पालकांनी ते पुस्तक वाचलेले नसेल तर उत्तमच. मग कुतूहल खरे असते. उत्तर इंग्रजीमिश्रित मराठीत आले तरी मध्येच भाषा सुधारू नये. परदेशात वाढणारे मूल स्वतःविषयी जे थेट सांगत नाही, ते अनेकदा एखाद्या पात्राविषयी बोलताना सांगून जाते.