आरती येते, पाणी मागता येत नाही

पक्षाघातातून वाचलेला माणूस कधीकधी घरच्यांना चक्रावून टाकतो. बायकोचं नाव ओठांवर येत नाही, पण संध्याकाळी आरती सुरू झाली की सगळ्यांबरोबर म्हणतो. आठवड्याचे वार, एक ते दहा आकडे, एखादी सणसणीत शिवीही बिनचूक येते. ‘मुद्दाम बोलत नाहीत’ किंवा ‘डोक्यावर परिणाम झालाय’ असं मग कुजबुजलं जातं. दोन्ही खोटं. हा वाचाघात. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचा कारभार डाव्या बाजूला चालतो; तिथे इजा झाली की शब्द जुळवून बोलणं अडतं. तोंडपाठ झालेलं मात्र पुष्कळदा शाबूत राहतं. बुद्धी तर जागच्या जागी असते.

स्पीच थेरपिस्ट आधी काय उरलंय ते तपासतो. ‘डोळे मिटा, मग खिडकीकडे बोट दाखवा’ हे समजतं का? वाचता येतं का, सही जमते का? मग चित्रं. समोर कपाचं चित्र, रुग्ण ‘ते... ते...’ वर अडकलेला. थेरपिस्ट शब्द सांगून टाकत नाही. ‘सकाळी उठल्यावर पिता ते?’ तरी नाही. ‘गरम गरम च...’ आणि ‘चहा!’ पुढच्या वेळी मदत थोडी कमी. शब्द रुळला की ‘चहा पाहिजे’, ‘चहा नको’. (नकार देता येणं ही माझ्या मते पहिली मिळकत.) बोलणं येईचना, तर चित्रांची वही असते, खाणाखुणा असतात.

इथे भाषेचा प्रश्न येतो. इंग्रजी चाचणीचं नुसतं भाषांतर मराठीत चालत नाही, कारण ‘गेलो’ की ‘गेले’ हेही आपल्याला क्रियापदात सांभाळावं लागतं. वऱ्हाडातल्या आजीसमोर तिने आयुष्यात न पाहिलेल्या वस्तूचं कार्ड धरलं, तर कार्डाचा दोष तिच्या खात्यावर जमा होतो.

कायदा स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधल्या २१ प्रकारांत वाचा व भाषा दोष आहे, आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा उल्लेखही आहे. कलम २५ तर उत्पन्नाच्या मर्यादेत, विशेषतः ग्रामीण भागात, घराजवळ मोफत आरोग्यसेवा द्यायला सांगतं. लहानांसाठी निदान वाट आखलेली आहे: २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं, आणि पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतं. पंचावन्न वर्षांच्या शेतकऱ्याकडे असं कुणी येत नाही. डिस्चार्ज कार्डावर रक्तदाबाची गोळी असते, फिजिओथेरपी असते; वाचेचं बरेचदा राहून जातं. म्हणून घरी जाण्याआधीच विचारावं. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभागात चौकशी करावी. मुंबईत नायर रुग्णालय आहे, वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. खासगीत जायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी पाहून. दिव्यांग प्रमाणपत्र कायमच्या दोषासाठी असतं, त्याची वाट पाहत उपचार अडवू नयेत. सुरुवातीचे महिने मोलाचे, आणि नंतरही सुधारणा होत राहते.

खरी अडचण पाऊण तासाच्या सत्रासाठी जाणाऱ्या अख्ख्या दिवसाची. रुग्ण एकटा येऊ शकत नाही, म्हणजे दोन तिकिटं आणि सोबत्याची बुडालेली मजुरी. नुसती फी माफ करून हे सुटत नाही. थेरपिस्टने ठरल्या वारी तालुक्याला यावं. पहिली तपासणी समोरासमोर झाली की मधली सत्रं व्हिडिओ कॉलवर घ्यावीत, शेजारी सुनेला किंवा मुलाला बसवून. सराव शेवटी घरीच होतो: टीव्ही बंद, एका वेळी एकच प्रश्न, आणि त्यांचं वाक्य आपण पुरं न करता थांबणं.