बारकोडला भाव कळत नाही

अंगारकीच्या दिवशी गणपतीपुळ्यात देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एखादं कोकणी मेव्याचं दुकान बघावं. दर्शन झालेलं, डोंगराची प्रदक्षिणा उरकलेली, गाडीवाला हॉर्न वाजवतोय, आणि गल्ल्यावर दहा हात एकदम पुढे येतात. दोन आंबापोळ्या, एक कोकम आगळ, पाव किलो खारे काजू, तळलेल्या गऱ्यांची चार पाकिटं. अशा गर्दीत हातातला स्कॅनर भराभर बिल करून देत असेल, तर दुकानदाराला आणखी काय हवं? पण तो आणल्यावरचे पहिले काही दिवस बहुतेकांचे चिडचिडीत जातात. यंत्राबद्दल ऐकलेलं असतं एक आणि ते करतं दुसरंच. तेव्हा या ऐकीव गोष्टींचा एकदा हिशेब मांडू.

‘स्कॅन केलं की नाव, भाव, एक्स्पायरी सगळं आपोआप येतं’

नाही येत. पाकिटावरच्या उभ्या रेघांत फक्त आकडे असतात. आपल्याकडच्या बहुतेक पॅकबंद मालावर ते तेरा असतात आणि त्या पद्धतीला ईएएन-१३ म्हणतात. त्यात मालाचं नाव नसतं, भाव नसतो, तारीखही नसते. शाळेच्या हजेरीपटावरचा नंबर असावा तसा हा प्रकार आहे. पट उघडल्याशिवाय सतरा नंबर म्हणजे कोण, ते कळायचं नाही. आणि इथे तो पट दुकानदारानेच लिहायचा असतो.

ही कल्पना सुचली तीही समुद्राच्या वाळूतच. नॉर्मन जोसेफ वुडलँड नावाचा अमेरिकन तरुण मायामीच्या किनाऱ्यावर बसून बोटांनी वाळूत मोर्स लिपीची टिंबं आणि रेघा काढत होता. ती बोटं त्याने तशीच खाली ओढली, टिंबांच्या बारीक आणि रेघांच्या जाड उभ्या पट्ट्या झाल्या. त्याला आणि बर्नार्ड सिल्व्हर या त्याच्या मित्राला १९५२ साली पेटंट मिळालं. गल्ल्यावर पहिला माल प्रत्यक्ष स्कॅन व्हायला मात्र २६ जून १९७४ उजाडावा लागला. ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावच्या मार्श सुपरमार्केटमध्ये रिग्लीच्या च्युइंगगमचं पाकीट स्कॅन झालं, किंमत ६७ सेंट. ते ६७ सेंटही रेघांत नव्हते, दुकानाच्या संगणकात आधी कुणीतरी भरून ठेवलेले होते.

हे भरून ठेवण्याचं काम म्हणजेच आयटम मास्टर, आणि खरी मेहनत तिथे आहे. समजा, गऱ्यांचं पाकीट नोंदवायचंय. बिलिंगच्या प्रोग्रॅममध्ये नवा आयटम उघडायचा, माऊसने बारकोडच्या रकान्यात क्लिक करायचं, मग ट्रिगर दाबायचा. टुक्‌ आवाज येतो, तेरा आकडे रकान्यात उमटतात आणि कर्सर पुढच्या ओळीवर उडी मारतो. नाव, वजन, खरेदीचा दर, एमआरपी, एचएसएन कोड हे सगळं पुढे हातानेच टाकायचं.

कर्सर उडी का मारतो? कारण संगणकाच्या लेखी बहुतेक स्कॅनर हा कीबोर्डच असतो. तो आकडे टाइप करतो आणि शेवटी एंटर दाबतो, बस. त्याला इंटरनेट लागत नाही आणि तुमच्या दुकानात काय चाललंय याची काडीइतकी कल्पना नसते. कर्सर चुकून साठ्याच्या रकान्यात राहिला, तर तो तिथेही तितक्याच निष्ठेने आकडे टाइप करील आणि दुकानात कित्येक हजार अब्ज पाकिटं शिल्लक असल्याचं दिसेल. संगणकावर मराठी टायपिंग चालू राहिलेलं असेल, तर काही मांडण्यांमध्ये देवनागरी आकडे किंवा भलतीच अक्षरं उमटतात. स्कॅनर बिघडला म्हणून परत करण्याआधी भाषा इंग्रजीवर आणून बघावी.

एक्सेलमध्ये यादी करणाऱ्यांना वेगळाच झटका बसतो. तेरा आकड्यांच्या जागी ८.९०१२३ई+१२ असलं काहीतरी दिसतं. तो रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून घ्यावा, म्हणजे नंबर शाबूत राहतो आणि परदेशी चॉकलेटांवर असतो तो सुरुवातीचा शून्यही गळत नाही. हा शून्य एका वेळी आला आणि दुसऱ्या वेळी गळला, तर एकच चॉकलेट दोन नावांनी नोंदलं जातं.

‘एक बारकोड म्हणजे एक भाव’

एमआरपी वाढली तरी पाकिटावरचा नंबर बहुधा तोच राहतो. म्हणून फळीवर जुन्या आणि नव्या छपाईची पाकिटं शेजारी शेजारी असली, की स्कॅनर दोन्हीला एकच भाव दाखवणार. गिऱ्हाईक पाकिटावरची एमआरपी बघतं आणि भांडण तिथे सुरू होतं. एका नंबराखाली दोन एमआरपी ठेवायची सोय चांगल्या बिलिंग प्रोग्रॅममध्ये असते, पण ती सुरू करावी लागते.

वजनाचं उलटं. २०० ग्रॅमचं पाकीट १८० ग्रॅमचं झालं, तर नियमाप्रमाणे उत्पादकाने नवा नंबर द्यायला हवा. खोक्याचा बारकोडही आतल्या पाकिटापेक्षा वेगळा असतो. एका खोक्यात पाकिटं किती हे आयटम मास्टरमध्ये सांगितलं नाही, तर खोकं स्कॅन करून साठ्यात एकच नग जमा होतो आणि उरलेली पाकिटं हिशेबाबाहेर राहतात.

‘८९० म्हणजे भारतीय माल’

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी हा संदेश नव्याने जन्म घेतो. ८९०ने सुरू होणारा नंबर जीएस१ इंडियाने दिलेला असतो. ही संस्था वाणिज्य मंत्रालय आणि उद्योगसंघटनांनी मिळून १९९६ साली उभी केली. कंपनीने नोंदणी भारतात केली, एवढंच ते आकडे सांगतात. माल कुठे बनला हे कळायला पाकिटावरची बारीक अक्षरंच वाचावी लागतात.

‘बारकोड सक्तीचा आहे, आणि तो नसलेला माल नोंदवताच येत नाही’

कोकणी मेव्याच्या दुकानाची गोम इथे आहे. अर्धाअधिक माल बचत गटांकडून किंवा घरगुती उद्योगांकडून येतो. आंबावडी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, मेतकूट, तांदळाच्या फेण्या. पाकीट स्वच्छ, चव उत्तम, बारकोड नाही. मग दुकानदार त्यांना सांगतो, ‘ताई, बारकोड करून आणा, त्याशिवाय आता माल घेता येत नाही.’ आणि त्या बिचाऱ्या सायबर कॅफे शोधत फिरतात.

कायदा काय म्हणतो ते बघू. पॅकबंद मालासाठी २०११चे वैधमापनाचे नियम आहेत. पॅकिंग करणाऱ्याचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, महिना-वर्ष, एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क, हे सगळं लेबलवर हवं. खाण्याच्या मालावर एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबरही लागतो. सक्तीच्या यादीत बारकोड नाही, तो ऐच्छिक आहे. औषधांच्या तीनशे ब्रँडना १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला, पण ती गोष्ट औषधांची. फणसपोळीला तो लागू नाही.

माल मोठ्या मॉलमध्ये किंवा ऑनलाइन विकायचा असेल, तर मात्र बचत गटाने जीएस१ इंडियाकडून आपल्या नावावर नंबर घ्यावेत. इंटरनेटवर कवडीमोलाने विकले जाणारे नंबर टाळलेलेच बरे, कारण ते मूळ दुसऱ्याच कुणाच्या नावावर असतात आणि मोठी ऑनलाइन दुकानं ते तपासतात.

दुकानापुरतं काम भागवायला एवढं काहीच लागत नाही. २०० ते २९९ने सुरू होणारे नंबर जगभर अशा अंतर्गत वापरासाठीच मोकळे ठेवलेले आहेत. कुठल्याही कंपनीच्या मालावर ते येत नाहीत, त्यामुळे टक्कर होत नाही. प्रोग्रॅममधून असा नंबर काढा, लेबल प्रिंटरवर छापा, पाकिटाला चिकटवा. ताईंना रत्नागिरीला हेलपाटा नको.

नंबर काढण्याआधी एक प्रश्न मात्र दुकानदाराला स्वतःच सोडवावा लागतो, आणि कुठलंही यंत्र त्यात मदत करत नाही. आयटम म्हणजे नेमका कोणता? ‘काजू’ या एका नावाखाली काय काय येतं बघा. सालीचे, सोललेले, खारे, मसाल्याचे, अख्खे, पाकळी, तुकडा. अख्ख्यांतही डब्ल्यू २४० आणि डब्ल्यू ३२० वेगळे. हा आकडा एका पौंडात किती गर बसतात त्याचा, म्हणून आकडा लहान तेवढा काजू मोठा आणि महाग. यांतले दोन प्रकार एका नंबराखाली घातले, की साठा जुळेल आणि नफा जुळणार नाही. कोकमाचंही तेच. आगळ मिठातलं, सरबताचा अर्क साखरेतला, आमसुलं वाळवलेली. गिऱ्हाईक तिघांनाही ‘कोकम’ म्हणतं. दुकानदाराने म्हणून चालत नाही.

सुटा माल वजनावर विकणाऱ्यांसाठी पहिल्या गैरसमजाला एक अपवाद सांगायला हवा. लेबल काढणाऱ्या वजनकाट्यावर छापलेल्या, २ने सुरू होणाऱ्या बारकोडमध्ये वजन किंवा रक्कम खरोखरच आकड्यांत गुंफलेली असते. पण ती वाचायची कशी, हे प्रोग्रॅमला शिकवावं लागतं.

‘छापलेला बारकोड आहे म्हणजे खरा असणारच’

तेरावा आकडा हा तपासअंक असतो. ८९०१२३४५६७८९० हा नंबर घ्या. पहिल्या बारा आकड्यांतले विषम जागांवरचे आकडे मिळवले की २८ होतात. सम जागांवरचे ३४, त्यांची तिप्पट १०२. एकूण १३०. दहाच्या पटीत पोचायला आणखी काही लागत नाही, म्हणून तपासअंक शून्य. हाताने टाइप करताना एखादा आकडा चुकला, तर हा हिशेब तो हमखास पकडतो. शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले तरी बहुधा पकडतो. २ आणि ७ सारखे पाचाच्या फरकाचे आकडे असले तर मात्र फसतो.

आता गंमत बघा. १ पासून ९ पर्यंत ओळीने जाणारा हा नंबर नमुन्याचा आहे, हे शेंबडं पोरही सांगेल. पण हिशेबात तो चोख बसतो. डिझाइन करणाऱ्याने जागा भरायला टाकलेला असा नंबर तसाच छापून आला, तर स्कॅनर बिनतक्रार वाचतो. अशा दोन उत्पादकांचा माल एका दुकानात आला, की सरबत स्कॅन केल्यावर पापड दिसतो. नवा आयटम करताना ‘हा बारकोड आधीच आहे’ असा इशारा आला, तर तो पुढे ढकलू नये. दोन्ही पाकिटं हातात घेऊन बघावीत.

‘बारकोड लावला की जीएसटी लागतो’

दोन्हींचा संबंध नाही. राज्यातल्या राज्यात फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे ४० लाखांच्या वार्षिक उलाढालीनंतर नोंदणी लागते, लेबलवर रेघा असोत वा नसोत.

‘वाचत नाही म्हणजे स्कॅनर खराब’

बहुतेक वेळा छपाई खराब असते. पुष्कळ स्कॅनर लाल उजेडात वाचतात, आणि लाल उजेडात लाल रंग पांढऱ्यासारखा दिसतो. कोकम सरबताच्या लेबलवर शोभा म्हणून बारकोडही लालच छापला, तर माणसाला रेघा दिसतात आणि यंत्राला कोरा कागद. पारदर्शक पिशवीवर खाली पांढरा पट्टा न देता छापलेल्या रेघांचीही तीच गत होते. बाटली गोल आणि बारीक असेल, तर रेघा शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या याव्यात, नाहीतर कडेच्या रेघा वळणाआड जातात. बारकोडच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा हवी. तिथवर मजकूर घुसवला की वाचन अडतं. आकारही वाटेल तसा बारीक करू नये. पूर्ण आकार मोकळ्या जागेसह साधारण ३७ मिलिमीटर रुंद असतो आणि ८० टक्क्यांपर्यंतच लहान करायची मुभा आहे.

फोनच्या पडद्यावरचा बारकोड जुन्या लेझर स्कॅनरला सहसा वाचता येत नाही, आणि क्यूआर कोड तर मुळीच नाही. दोन्ही वाचायचे असतील, तर टू-डी इमेजर म्हणून मिळतो तो घ्यावा.

दुकानात छापलेल्या लेबलांचं दुखणं वेगळं. साध्या थर्मल कागदावर शाई नसते, उष्णतेने कागदच काळा पडतो. दुकानाच्या दर्शनी फळीवर दुपारचं ऊन खाल्लं की तो फिकटतो किंवा सगळाच करडा होतो. जास्त दिवस टिकणाऱ्या मालाला रिबन लावून छापलेली लेबलं वापरावीत. आणि समुद्रकाठच्या दमट हवेत स्कॅनरच्या काचेवर चिकट थर बसतो. मऊ फडक्याने ती काच पुसल्यावर कितीतरी ‘बिघडलेले’ स्कॅनर नीट होतात.

‘आता साठा मोजायची गरज नाही’

स्कॅनरला कळतं ते त्याच्यासमोर धरलेलं. उंदराने कुरतडलेलं पाकीट, पावसाळ्यात बुरशी धरलेली फणसपोळी, घरच्या पाहुण्यांना दिलेलं आगळ, यांतलं काहीच त्याच्यासमोर येत नाही. त्यामुळे मोजणी करावी लागतेच, फक्त ती सोपी होते. बिनवायरच्या काही स्कॅनरमध्ये नंबर साठवून ठेवायची सोय असते. मागच्या कोठारात जाऊन एकेक पाकीट स्कॅन करायचं आणि गल्ल्यावर येऊन सगळं एकदम संगणकात उतरवायचं. त्यात एक पाकीट दोनदा स्कॅन झालं, तर ते दोनदाच मोजलं जातं. एक पाकीट स्कॅन करून ‘२४’ असा आकडा टाकायचा असेल, तर ती चोवीसही एकाच वजनाची आहेत ना, हे हाताळून बघावं. २०० आणि ४०० ग्रॅमच्या पिशव्या एकाच रंगात छापायची आपल्याकडे भारी हौस.

कोकणी मेव्याच्या दुकानात साठा कमी भरण्याचं एक कारण तर गल्ल्यावर ताटलीतच मांडलेलं असतं. आंबावडीचे तुकडे, दोन गरे, काजूची पाकळी. ‘चाखून बघा, मग घ्या.’ सुट्टीच्या हंगामात यासाठी रोज पाकिटं फोडली जातात आणि त्यांचं बिल होत नाही, म्हणून महिनाअखेरीला संशय नोकरावर जातो. प्रोग्रॅममध्ये ‘चाखणी’ नावाचा एक खर्च उघडावा आणि पाकीट फोडण्याआधी त्याच्यावर स्कॅन करावं. नंतर कात्री लावली, की बारकोडची पट्टी नेमकी कचऱ्यात गेलेली असते.