गिरगांवांतील खोताची वाडी

मुंबईंत गिरगांवच्या सेंट टेरेसा देवालयानजीक ही वाडी आहे. सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं दादोबा वामन खोत या पाठारे प्रभु गृहस्थांनीं येथील जमीन ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस घरांसाठीं दिली. म्हणून हें नांव. 'ईस्ट इंडियन' या शब्दानें बालवाचकांनीं गोंधळूं नये. हे लोक याच किनाऱ्यावरील, घरीं मराठी बोलणारे. हें नांव मात्र त्यांनीं १८८७ सालीं घेतलें.

येथील जुनीं घरें लांकडी, कौलारू व बहुधा दुमजली. पुढें ओटी आणि जिना बाहेरून. आमच्या मतें वाडीच्या शेजारधर्माचें मर्म या ओटींत आहे. गल्ली इतकी अरुंद कीं, ओटीवर बसलेल्यास जाणाऱ्या-येणाऱ्याची विचारपूस केल्यावांचून राहवत नाहीं. १८९६ च्या प्लेगांतून वांचलेल्यांनीं कृतज्ञतेनें बांधलेलें लहानसें प्रार्थनास्थान वाडींत अद्यापि उभें आहे.

पूर्वीं अशीं ६५ घरें होतीं. आतां निम्मींहि उरलीं नाहींत. जागेस सोन्याचें मोल आलें, एकेक घर पडूं लागलें व त्या जागीं उंच इमारत आली. तिला जिना आहे, पाळणा आहे. ओटी तेवढी नाहीं.