भारतवारीआधी ट्रकच्या बॅटरीकडे बघा

थँक्सगिव्हिंग झालं की मिनियापोलिसच्या आसपासच्या मराठी घरांत भारतवारीच्या बॅगा बाहेर निघतात. तेवीस किलोंचा हिशेब, आजीसाठी बदाम, भाच्यांसाठी चॉकलेटं, घराचं हीटिंग किती अंशांवर ठेवायचं, टपाल कोण गोळा करणार, सगळं ठरतं. पाच आठवडे विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या पिकअप ट्रकचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. मग जानेवारीतल्या मध्यरात्री, पेंगुळलेली मुलं आणि चार बॅगा घेऊन, चावी फिरवली की नुसतं 'टक टक टक'. आमच्या ओळखीत दर वर्षी एकदोघांचं हे होतंच.

भारतातल्या वाचकांसाठी सांगतो, इथे ट्रक म्हणजे मागे उघडा हौदा असलेली घरगुती गाडी. फोर्डची एफ मालिका १९७७ पासून अमेरिकेतला सर्वात जास्त खपणारा ट्रक आहे. गिअर ऑटोमॅटिक असल्यामुळे चार जणांनी मिळून धक्का मारायचा आपला हुकमी उपाय इथे चालत नाही.

बॅटरी का उतरते, हे साधं गणित आहे. गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, कॉम्प्युटर थोडा थोडा करंट खात असतात. ५० मिलिअँपिअरपर्यंतचा खर्च सर्वसाधारण समजला जातो. म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-अवर. पस्तीस दिवसांत झाले ४२. आणि बॅटरी असते साधारण ७० ची! वर कुणी ट्रॅकर किंवा डॅशकॅम लावून ठेवला असेल तर बघायलाच नको.

त्यात थंडी. 'ट्रिपल ए' ही इथली वाहनधारकांची जुनी संस्था सांगते की शून्य फॅरेनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला, बॅटरीची जवळपास ६० टक्के ताकद जाते. इंजिन ऑइल घट्ट झाल्यामुळे स्टार्टरला त्याच वेळी जास्त ताकद हवी असते. ३० जानेवारी २०१९ ला इथलं तापमान उणे २८ फॅरेनहाइट, म्हणजे उणे ३३ सेल्सिअसवर गेलं होतं. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी तेवढ्या थंडीत गोठत नाही. पूर्ण उतरलेलीतलं द्रावण मात्र उणे सात-आठ सेल्सिअसलाच गोठू लागतं. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली दिसली तर तिला जंप देऊ नका, चार्जरही लावू नका. ती फुटू शकते. टो ट्रक बोलवा.

बॅटरीला खरं मारतो तो मात्र उन्हाळा. उष्णतेने आतल्या प्लेटा लवकर खराब होतात. थंडी ते फक्त उघडकीला आणते. म्हणून फीनिक्स-डॅलसच्या मंडळींनी 'आमच्याकडे कुठे बर्फ' म्हणून निर्धास्त राहू नये. त्यांच्या बॅटऱ्या आमच्याआधी जातात.

आता नवी घ्यायची तर काय बघायचं? आधी ग्रुप साइज. हा नंबर बॅटरीचा आकार आणि टर्मिनलची जागा सांगतो. बऱ्याच जुन्या एफ-१५० ला ६५ नंबर लागतो, पण स्वतःच्या गाडीचं पुस्तक उघडून खात्री करा. मग सीसीए. उणे १८ अंशांत, ७.२ व्होल्टच्या खाली न जाता, ३० सेकंद किती अँपिअर देता येतील, तो हा आकडा. पुस्तकात दिलेल्यापेक्षा कमी नको. आमच्या भागात थोडा जास्तच बरा. मूळची एजीएम असेल तर एजीएमच घ्यावी. साधीपेक्षा पन्नास-शंभर डॉलर जास्त पडतात, पण सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या इंजिनांना तीच झेपते.

ब्रँडवरून आपले लोक तासन् तास वाद घालतात. माझं मत विचाराल तर लेबलपेक्षा तारीख महत्त्वाची. अमेरिकेत बॅटऱ्या बनवणारे मोठे कारखानदार क्लॅरिओस, ईस्ट पेन असे मोजकेच. तोच माल वेगवेगळ्या दुकानांत वेगवेगळ्या नावांनी विकला जातो. बऱ्याच बॅटऱ्यांवर महिन्यासाठी अक्षर आणि वर्षासाठी अंक असतो, ए म्हणजे जानेवारी. शेल्फवर सहा महिने पडून राहिलेली बॅटरी सवलतीतही नको.

डिझेल ट्रकवाल्यांची गोष्ट वेगळी. फोर्डच्या सुपर ड्यूटी डिझेलला दोन बॅटऱ्या असतात, समांतर जोडलेल्या. एक गेली की 'दुसरी चांगली आहे ना, एकच बदलू' असा मोह होतो. आपला मध्यमवर्गीय हिशेब! पण जुनी कमजोर बॅटरी नवीला सतत खाली ओढते आणि वर्षा-दीड वर्षात दोन्ही बदलाव्या लागतात. जोडी एकदमच बदलायची, एकाच मेकची.

सांगलीहून बाबा व्हिडिओ कॉलवर हमखास विचारतात, "डिस्टिल्ड वॉटर टाकलंस का रे?" त्यांच्या जीपला दर महिन्याला ते लागायचं. "बाबा, हिला झाकणंच नाहीत," असं सांगितलं तरी त्यांचं समाधान होत नाही. पण टर्मिनलवरचा पांढरट-हिरवट थर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन वर व्हॅसलिन लावायचा त्यांचा उपाय इथेही तितकाच चालतो. आधी निगेटिव्ह काढायची, जोडताना ती शेवटी.

निघायच्या महिनाभर आधी बॅटरी तपासून घ्या. ऑटोझोन, ओ'रायलीसारख्या दुकानांत ते फुकट होतं. घरी मल्टिमीटर असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी व्होल्टेज बघा. १२.६ म्हणजे पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. चार वर्षं झालेली बॅटरी निम्मी दाखवत असेल तर परत आल्यावर बघू म्हणू नका. बदलताना जुनी दुकानात द्यायला विसरू नका, कारण बिलात वीसेक डॉलर 'कोअर चार्ज' लावलेला असतो आणि तो परत मिळतो. अलीकडच्या ट्रकमध्ये निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो. नवी बॅटरी बसवल्याचं कॉम्प्युटरला कळवायचं राहिलं तर तो तिला जुनी समजूनच चार्ज करत राहतो. दुकानातच करून घ्या.

ट्रक घरच्या गॅरेजमध्ये राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावून जा. चाळीस-पन्नास डॉलरचा डबा आहे. शेजाऱ्याला 'रोज पाच मिनिटं चालू करा' सांगणं मात्र निरुपयोगी. स्टार्ट करताना गेलेला चार्जही तेवढ्यात धड भरून येत नाही. विमानतळावर ठेवणार असाल तर निगेटिव्ह केबल काढून फडक्यात गुंडाळा आणि दार किल्लीने लावा. रिमोट चालणार नाही, पण त्याच्या पोटात धातूची छोटी किल्ली असते. ती दारात नीट फिरते का, हे घरी असतानाच करून बघा आणि पाना ट्रकमध्येच ठेवा. हातातल्या बॅगेत राहिला तर मुंबईच्या सिक्युरिटीत अडकायचा.