पांढरा थर पुसण्याआधी

सकाळी ट्रक सेल्फ उचलेनासा झाला की ड्रायव्हर बॅटरीच्या डब्याचं झाकण काढतो, टर्मिनलवर साचलेला पांढरा-निळसर थर बघतो आणि जवळच्या टपरीवरून किटलीभर गरम पाणी आणून त्यावर ओततो. थर विरघळतो, चिमट्यावर पान्याचे दोन ठोके बसतात, बहुतेक वेळा गाडी सुरूही होते. माल वेळेवर पोचवायचा असेल तर दुसरं काय करणार? पण बॅटरी वॉरंटीच्या मुदतीतली असेल तर त्या पाण्याबरोबर मालकाच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा नाल्यात जातो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात बॅटरीचं काम करणाऱ्या एका मिस्त्रींच्या दुकानात मी हे काम जवळून बघत आलो आहे. दुकान लहान. एका भिंतीला चार्जर, त्याच्यासमोर लाकडी फळ्यांवर चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्या, कोपऱ्यात डिस्टिल्ड वॉटरचे कॅन आणि खाण्याच्या सोड्याचा डबा. दरवाजा थंडीतही उघडा असतो. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. दुकानात विडी पेटवणाऱ्याला मिस्त्री आधी बाहेर काढतात, मग नमस्कार करतात.

त्यांची कामाची पद्धत मात्र या भागात क्वचित दिसते. डबा उघडल्यावर ते कशालाही हात लावत नाहीत. आधी मोबाईलवर फोटो: थर कोणत्या टर्मिनलवर आहे, दोन्ही बॅटऱ्यांवर आहे की एकीवर, वरच्या झाकणावर ओल आहे का. मग बॅटरीवरचा सीरियल नंबर. मग मल्टिमीटर. हे सगळं एका जाड वहीत उतरल्यावरच पान्याला हात. घाईतला ड्रायव्हर चिडतो, "मिस्त्री, गाडी चालू करून द्या ना आधी." मिस्त्री म्हणतात, "देतो की भाऊ. पण पुसल्यावर मला काही दिसणार नाही, आणि कंपनीवाल्यालाही नाही."

दिसतं ते काय? शिशाच्या बॅटरीत साधारण एक तृतीयांशाहून थोडं जास्त गंधकाम्ल आणि बाकी पाणी असतं. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली ही बॅटरी केली, आणि पत्र्यांची बनावट कितीही सुधारली तरी आतलं रसायन आजही तेच आहे. चार्जिंगचा दाब गरजेपेक्षा वर गेला की पाण्याचं विघटन होऊन वायू सुटतात. ते टोपणाच्या भोकांतून बाहेर पडताना अॅसिडचे बारीक तुषार सोबत नेतात. टर्मिनलच्या मुळाशी असलेलं सील ढिलं पडलं असेल तर अॅसिड तिथूनही वर चढतं. शिशावर ते लागलं की पांढरं लेड सल्फेट, चिमट्याच्या तांब्या-पितळेवर लागलं की हिरवट निळं कॉपर सल्फेट. म्हणजे तो थर बाहेरून आलेला मळ नव्हे. अॅसिड आतून बाहेर आलं, एवढं तो नक्की सांगतो. का आलं, ते शोधावं लागतं.

त्याचं नुकसान किती, याचा हिशेब मिस्त्रींनी मला एकदा खडूने फरशीवर मांडून दाखवला. जड ट्रकचा सेल्फ फिरताना तीनशे अँपिअरच्या घरात करंट सहज खेचतो. टर्मिनल आणि चिमट्याच्या मध्ये या थरामुळे ओहमचा फक्त शंभरावा भाग अडथळा आला, तरी त्या सांध्यावरच तीन व्होल्ट मरतात आणि नऊशे वॉट उष्णता त्या एका जागी तयार होते. शिसं ३२७ अंशांना वितळतं. ढिल्या, थर धरलेल्या सांध्यावर वारंवार सेल्फ मारत राहिलं की टर्मिनल मऊ पडून एका बाजूने वाहून जातं. असं जळलेलं टर्मिनल दिसलं की क्लेमच्या कागदावर लगेच नकाराचा शिक्का बसतो. म्हणून ड्रायव्हरला त्यांचं सांगणं एकच: पहिल्या दोन प्रयत्नांत सेल्फ फिरला नाही तर थांबा.

सांधा तपासायची त्यांची रीत इतकी सोपी आहे की प्रत्येक ड्रायव्हरला यायला हवी. मल्टिमीटरची एक पिन शिशाच्या टर्मिनलच्या मधोमध, दुसरी त्यावर बसलेल्या चिमट्यावर, आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. सांधा चांगला असेल तर काटा जवळजवळ शून्यावर राहतो. तिथे अर्धा-एक व्होल्ट दिसला तर बॅटरीला दोष देण्याआधी सांधा साफ करायचा.

साफसफाईत ते घाई करत नाहीत. आधी निगेटिव्हची वायर सुटते, कारण पॉझिटिव्हचा नट खोलताना पाना चॅसिसला टेकला तर निगेटिव्ह सुटलेली असल्याने ठिणगी पडत नाही. जोडताना निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. टोपणं घट्ट आहेत की नाहीत ते बोटाने तपासून मगच कोमट पाण्यात कालवलेला सोडा ओततात, कारण तो सोडा आत सेलमध्ये गेला तर तिथलं अॅसिडही मारून टाकेल. थर फसफसतो. फसफस थांबेपर्यंत सोडा, मग साधं पाणी, मग कोरडं फडकं, मग तारेचा ब्रश, टर्मिनलला आणि चिमट्याच्या आतल्या बाजूलाही. चिमटा कोरडा आवळून झाल्यावरच वरून व्हॅसलिनचा हात. शेवटी बॅटरीची पट्टी हलवून बघतात. ती ढिली असेल तर आपल्या रस्त्यांवरचे हादरे पत्र्यांवरचा मसाला झाडत राहतात, तो तळाशी साचतो आणि एक दिवस दोन पत्रे जोडून सेल शॉर्ट होतो. सहा सेलच्या बॅटरीत एक सेल असा गेला की पूर्ण चार्ज करूनही मीटर साडेबाराऐवजी साडेदहाच्या आसपास थांबतं.

एका गाडीचं प्रकरण मी पहिल्यापासून पाहिलं. मालक स्वतःच ड्रायव्हर, कर्जावर घेतलेला एकच ट्रक, न्हावा-शेव्याला कंटेनर वाहणारा. गाडी वर्षभराची होती. बॅटऱ्या गाडीबरोबरच आलेल्या, बारा-बारा व्होल्टच्या दोन, एकीला एक जोडून चोवीस. त्यांतल्या एकीवर थर इतका दाट की टर्मिनल दिसत नव्हतं, तर दुसरी स्वच्छ. तो आधी शोरूमला गेला. तिथे त्याला सांगितलं, बॅटरी आमच्या वॉरंटीत येत नाही, ती बनवणाऱ्या कंपनीकडे जा. हे कागदावर खरं असतं: आपल्याकडच्या ट्रकच्या वॉरंटीपत्रात टायर, बॅटरी असे बाहेरून घेतलेले भाग बहुधा वगळलेले असतात आणि त्यांची हमी त्या-त्या उत्पादकाची असते. बॅटरी कंपनीच्या सर्व्हिस केंद्रावर थर बघून सांगितलं, ओव्हरचार्जिंग झालंय, गाडीचा अल्टरनेटर खराब, शोरूमला जा. शोरूमने अल्टरनेटर तपासला. २८.२ व्होल्ट, अगदी बरोबर. मग पुन्हा कंपनीकडे. दोघांनीही लेखी काही दिलं नाही. फेऱ्यांमध्ये भाड्याचे दिवस गेले ते वेगळेच.

मिस्त्रींनी गाडी चालू ठेवून दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळं मीटर लावलं. एकूण २८.२, पण वाटणी अशी की स्वच्छ बॅटरीवर १३.२ आणि थर धरलेलीवर १५. मग अॅसिडची घनता मोजायला हायड्रोमीटर. चार्ज असलेल्या बॅटरीचं अॅसिड आपल्याकडच्या हवामानात साधारण १.२४ ते १.२८ दाखवतं. स्वच्छ बॅटरीचे सहाही सेल १.१७ ते १.१८ च्या दरम्यान, सारखेच खाली. थरवालीच्या दोन सेलमध्ये पाणी पत्र्यांच्याही खाली गेलेलं, उरलेल्यांत १.२९. एखादाच सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० किंवा जास्त खाली असता तर बॅटरीतच दोष असल्याचा संशय घेता आला असता. सहाही सारखेच उपाशी, आणि शेजारच्या बॅटरीचे सहाही जास्त खाल्लेले, म्हणजे दोष दोन बॅटऱ्यांच्या मधल्या वायरिंगमध्ये.

डब्याच्या मागून एक बारीक लाल वायर निघाली होती, दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या पट्टीवरून. केबिनमधला टेप, मोबाईलचा चार्जर आणि छोटा पंखा बारा व्होल्टवर चालतो, म्हणून एकाच बॅटरीवरून बारा व्होल्ट काढलेले. बंदराबाहेर रांगेत गाडी बंद असताना पंखा तासन्‌तास एकाच बॅटरीला खात राहतो. गाडी सुरू झाली की अल्टरनेटर दोघींना मिळून अठ्ठावीस देतो. त्याला दोघींतला फरक कळत नाही. उपाशी बॅटरी कमी व्होल्टेजवर राहते, त्यामुळे राहिलेलं सगळं तिच्या जोडीदारणीवर येतं आणि ती उकळत राहते. म्हणजे जिच्यावरून चोरी होते ती स्वच्छ, आणि जिला कुणी हात लावला नाही तिच्यावर पांढरा थर. थर बघून निकाल देणारा माणूस इथे दर वेळी चुकणार. महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर अशी वायर काढलेले ट्रक सर्रास दिसतात, आणि माझी खात्री आहे की नाकारलेल्या कित्येक क्लेमच्या मुळाशी हीच वायर असेल.

वायर कुणी काढली? मालकाच्या फाईलमध्ये डिलिव्हरीच्या दिवशीचं शोरूमचं बिल होतं आणि त्यावर टेप व चार्जर बसवण्याची मजुरी स्वतंत्र ओळीत लिहिलेली होती. म्हणजे बॅटरीत उत्पादनदोष नाही हे कंपनीचं म्हणणं खरं होतं, अल्टरनेटर ठीक हे शोरूमचंही खरं होतं, आणि तरीही मालकाचा काही दोष नव्हता. तीन खऱ्या गोष्टी तीन वेगळ्या जागी पडून होत्या. त्या एका कागदावर आणायला एक मिस्त्री, एक हायड्रोमीटर आणि अर्धा तास लागला. हे काम क्लेम नाकारणाऱ्याने करायला हवं. बॅटरी नाकारताना दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज, बारा सेलचे आकडे आणि कारण, एवढं लेखी देणं वॉरंटीच्या अटीतच असलं पाहिजे. आज बहुतेकांना मिळतो तो तोंडी नकार. सील केलेल्या बॅटऱ्यांत तर हायड्रोमीटरही लावता येत नाही, आणि त्यांच्यावरचा तो हिरवा डोळा सहापैकी एकाच सेलचं सांगतो. तिथे दोन बॅटऱ्यांवरचं वेगवेगळं व्होल्टेज हाच मुख्य आधार उरतो.

शोरूमला पाठवायचं पत्र आम्ही दुकानातच बसून लिहिलं. त्यात फोटो, आकडे, सीरियल नंबर आणि बिलाची प्रत. ग्राहक आयोगाचा उल्लेखही केला, आणि तो पोकळ नव्हता. ट्रक म्हणजे धंद्याची वस्तू, त्याला ग्राहक कायदा लागू नाही, असं शोरूममध्ये बरेचदा ऐकवलं जातं. मोठ्या ताफ्याच्या मालकाच्या बाबतीत ते खरं ठरू शकतं. पण २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार म्हणून वस्तू घेणाऱ्याला ग्राहकच मानलं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात याची कसोटी सांगितली होती: यंत्र किंवा वाहन माणूस स्वतः चालवून पोट भरत असेल तर तो ग्राहक, हाताखाली एक-दोन माणसं असली तरी. त्या खटल्यात यंत्र घेणारा कारखानदार स्वतः हरला, पण त्याच निकालाने एका ट्रकवर घर चालवणाऱ्यांसाठी दार उघडं ठेवलं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. हे सगळं त्या मालकाला पहिल्यांदाच कळत होतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

पत्राला काही दिवसांनी उत्तर आलं. शोरूमने उकळलेली बॅटरी बदलून दिली. उपाशी बॅटरी, ती चार्ज होऊ शकते म्हणून, बदलायला नकार दिला. मिस्त्रींनी ती कमी करंटवर सावकाश चार्ज केली, सहाही सेल वर आले, पण सल्फेट होऊन पडून राहिलेल्या पत्र्यांची पूर्वीची ताकद परत येत नाही हे त्यांनी मालकाला स्पष्ट सांगितलं. मग दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या पूर्ण भरून, त्यांचं व्होल्टेज जुळल्याची खात्री करून, जोडीला लावल्या. लाल वायर कापली आणि दोन्ही बॅटऱ्यांवरून चोवीस घेऊन बारा देणारा कन्व्हर्टर बसवला. त्याचे पैसे मालकाने दिले. दर पंधरा दिवसांनी दोन्हींचं व्होल्टेज वेगवेगळं मोजून लिहायला एक छोटी वही दिली, आणि पाणी टाकायचं तर फक्त डिस्टिल्ड, बोअरचं नाही, अॅसिड तर कधीच नाही, हे पहिल्या पानावर मिस्त्रींनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं.

नव्या बॅटरीचं कार्ड घेताना मालकाने विचारलं, मुदत आजपासून धरायची ना? नाही. बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी मुदत मिळत नाही. जुनीची जेवढी उरली असेल तेवढीच. मिस्त्रींनी उरलेल्या मुदतीची शेवटची तारीख वहीच्या आतल्या कव्हरवर टाकली आणि त्याच्या खाली, शोरूमच्या माणसाकडून, बॅटरी कोणत्या कारणाने बदलली ते लिहून सही-शिक्का घ्यायला मालकाला परत पाठवलं.