लुई नायझर : गेलेल्या नावाचा दावा

न्यायालयातील यश वक्तृत्वावर अवलंबून असते, असा सर्वसाधारण समज आहे. अमेरिकेतील विख्यात वकील लुई नायझर (१९०२–१९९४) स्वतः उत्तम वक्ते होते. तथापि यशाचे श्रेय ते पूर्वतयारीला देत. लंडनमध्ये जन्मलेल्या आणि ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या नायझर यांनी १९२४ साली कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतली. पुढे न्यूयॉर्कमध्ये व्यापार व चित्रपटव्यवसाय यांतील अनेक मोठे तंटे त्यांनी चालविले.

जॉन हेन्री फॉल्क यांचा बदनामीचा दावा या दृष्टीने अभ्यसनीय आहे. 'अवेअर' या संस्थेने १९५६ साली या विनोदी रेडिओ-निवेदकावर साम्यवादी संबंधांचा ठपका ठेवला. त्यांनी दावा लावला. १९५७ साली सीबीएसमधील त्यांची नोकरी गेली. काळी यादी सिद्ध करणे दुर्घट होते. कारण काम नाकारताना खरे कारण कोणीच सांगत नसे. नायझर यांनी डेव्हिड ससकिंड, मार्क गुडसन यांसारख्या निर्मात्यांनाच साक्षीस उभे केले. कलावंतांची नावे आधी संमतीसाठी पाठवावी लागत, हे ज्यूरीने त्यांच्याच तोंडून ऐकले.

१९६२ साली ज्यूरीने ३५ लाख डॉलरांची भरपाई ठरविली. अपिलात ती साडेपाच लाखांवर आली. बदनामीचा निष्कर्ष मात्र अबाधित राहिला. वकिली करणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना हे वेगळे सांगावयास नको : गेलेले नाव न्यायालय परत देऊ शकते, गेलेली वर्षे नव्हे.