सही नाकारणारे स्टीव्हन्स

चॅरिटी बटलर या गुलाम स्त्रीने स्वतःच्या आणि मुलांच्या सुटकेसाठी पेनसिल्व्हेनियात दावा लावला, तेव्हा तिच्या मालकाचे वकीलपत्र थॅडियस स्टीव्हन्स यांनी घेतले होते. 1821 साली निकाल मालकाच्या बाजूने लागला. गुलामगिरीचे कट्टर शत्रू म्हणून गाजलेल्या या नेत्याचा मागोवा घेताना ही नोंद वगळता येत नाही. पुढे मात्र त्यांनी पळून आलेल्या गुलामांचे खटले चालवले.

व्हरमाँटच्या गरीब घरात जन्मलेले, एका पायाने अधू असलेले स्टीव्हन्स 1833 साली पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेत पोचले. दुसऱ्याच वर्षी मोफत शाळांचा कायदा झाला आणि करवाढीच्या भीतीने लोक बिथरले. 1835मध्ये राज्याच्या सिनेटने कायदा रद्द करण्याचे विधेयक मंजूरही केले. मतदार नाराज होतील याची पर्वा न करता स्टीव्हन्स सभागृहात शाळांच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या भाषणानंतर कायदा वाचला. त्यांच्या राज्यातल्या कारकिर्दीतले हे सर्वांत मोठे काम.

1838मध्ये राज्याची नवी घटना तयार झाली. तिने मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना दिला, म्हणून घटना परिषदेचे सदस्य असूनही स्टीव्हन्स यांनी तिच्यावर सही केली नाही.

अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये ते 1849 ते 1853 होते आणि 1859मध्ये परतले. यादवी युद्धात खर्चाची व करांची समिती त्यांच्याकडे होती. युद्धाचा पैसा उभा करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. 1863मध्ये दक्षिणेच्या बंडखोर सैन्याने त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळला. 1865मध्ये गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती झाली. पुढे जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (1873) अमेरिकेतील ज्या लोकांना अर्पण केले, त्यांच्या लढ्यात स्टीव्हन्स आघाडीवर होते.

1866च्या चौदाव्या दुरुस्तीत कायद्यापुढे समानता आली, पण कृष्णवर्णीयांना थेट मताधिकार नव्हता. 1838मध्ये सही नाकारणाऱ्या स्टीव्हन्स यांनी या वेळी अपुरा मसुदा स्वीकारला. हाती येईल ते आधी कायद्यात बसवायचे, हा हिशेब मला योग्य वाटतो. कारण त्यांनी मागणे थांबवले नाही. बंडखोर जमीनदारांची जमीन जप्त करून मुक्त झालेल्या कुटुंबांना 40 एकर द्यावी, हा त्यांचा 1867चा प्रस्ताव मात्र बारगळला.

1868मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोगासाठी थकलेल्या स्टीव्हन्स यांना खुर्चीत बसवून उचलून आणावे लागे. जॉन्सन यांना दोषी ठरवायला सिनेटमध्ये एक मत कमी पडले. 11 ऑगस्टला त्यांचे निधन झाले. 1954मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, त्या याच चौदाव्या दुरुस्तीच्या आधारे.